चाळिशी उलटली तरी पट मांडतो. लोकांना काय सांगता तुम्ही?

गोदाकाठचा
वय ४३, परभणीत बी-बियाणं अन् खताचं दुकान. नऊ वर्षं झाली, दर शनिवारी रात्री शटर अर्धं ओढून आम्ही चौघं मागं गोडाऊनमध्ये कटान खेळतो, म्हणजे रस्ते-गावं वसवायचा अन् मालाची अदलाबदल करायचा फाशांचा पटखेळ. मी, चुलतभाऊ, शाळेवरचे एक सर आणि गंगाखेडची शेवटची फेरी संपवून येणारे एक कंडक्टर. डीएपीच्या पोत्यांच्या थप्पीवर प्लायवूड टाकलं की झालं टेबल. पत्ते घामानं मऊ पडलेत. दोन लाकडी रस्ते हरवले, तिथं आगपेटीच्या काड्या. दरोडेखोराची सोंगटी (ती जिथं बसेल तिथला आकडा पडला तरी माल मिळत नाही) उंदरानं नेली, तेव्हापासून वसमतचं एक जाडजूड हळकुंड दरोडेखोर झालंय. सातचं दान पडलं की दरोडेखोर दुसरीकडं न्यायचा असतो, मग सगळे ओरडतात, "हळकुंड हलवा!"

अडचण अशी की मागल्या महिन्यात सासरकडचे पाहुणे अवचित दुकानावर आले अन् त्यांनी फासे बघितले. आठ दिवसांत गावभर झालं, "जावई फासे खेळायलेत." बायको म्हणते, तुमचं तुम्ही निस्तरा. बरं, ज्यांनी हे पसरवलं त्यांच्याच आखाड्यावर दिवाळीत तीन-तीन दिवस तीनपत्ती चालते, तिथं कुणी ब्र काढत नाही. सासऱ्यांना सांगितलं, मामा, यात पैसा नसतो. ते आणखीच चक्रावले. "पैसा नाही? मग खेळायलात कशाला?"

याला मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. तुम्ही काय सांगता?

अंबाजोगाईची आक्का
आमची आजी सत्तरीतसुद्धा ओसरीच्या फरशीवर खडूनं पट आखून कवड्या खुळखुळवायची. तिला कुणी काही विचारलं नाही. बाईमाणूस दुपारी खेळलं तर विरंगुळा, गडीमाणूस रात्री खेळलं तर जुगार, असं आहे ते.

मामांना एकदा वेरूळला न्या. एकविसाव्या लेण्यात, रामेश्वरात, शंकर-पार्वती सारीपाट मांडून बसलेत, खाली गण नंदीची खोडी काढायलेत. चौदाव्या लेण्यातही तोच डाव. (कैलास बघूनच लोकांचे पाय दुखतात, तिथवर जात नाही कुणी.) महादेवाला कुणी विचारलं का, कशाला खेळता म्हणून?

काळा कोट, नांदेड
जुगारबंदीचा कायदा १८८७ चा आहे आणि त्यात मुद्दा पैज लावण्याचा. पैज नाही तर जुगार नाही. पण साहेब, अर्धं ओढलेलं शटर अन् आतून "हलवा, हलवा" असा ओरडा! रस्त्यावरून जाताना मलाही संशय आला असता. शटर पूर्ण उघडा.

लातूरचा, मुक्काम पुणे
आक्का, सारीपाटाचा दाखला जपून द्या. मामांना महादेवाच्या आधी शकुनी आठवायचा.

कटान काढणारे क्लाउस टॉयबर जर्मनीत दातांच्या कवळ्या बनवायच्या धंद्यात होते. त्या कामाचा वीट आला की घरी पट आखत बसायचे. खेळ बाजारात आला १९९५ साली. त्यांचा जन्म १९५२ चा, म्हणजे तेव्हा तुमच्याच वयाचे होते बघा.

कशाला खेळतो म्हणाल, तर मला एवढं कळतं की पैसा लावला की लक्ष समोरच्याच्या खिशावर राहतं. इथं मेंढरू देऊन वीट मागायची असते, त्यासाठी त्याच्या तोंडाकडं बघावं लागतं. हा नक्की देतोय का, का सात पडलं तर हातातले निम्मे पत्ते जातील या भीतीनं पत्ते कमी करायलाय? वीस वर्षांच्या दोस्ताचं तोंड इतकं निरखून मी एरवी कधी बघतो?

आमची टोळी दोनदा मोडली. एकाची बदली झाली, दुसऱ्याला जुळं झालं. तुमचे चौघं नऊ वर्षं टिकलेत. सासऱ्यांचं सोडा, कंडक्टर साहेबांना जपा. त्यांची ड्युटी बदलली की मग कळेल.

गोदाकाठचा
सगळ्यांना धन्यवाद. वेरूळला श्रावणात जाऊ, मामा हो म्हणालेत. डाव कोरलाय हे अजून सांगितलेलं नाही.

वकीलसाहेबांचं ऐकून या शनिवारी शटर पूर्ण वर केलं. साडेनऊच्या सुमारास जिंतूरकडचे एक शेतकरी आले, सोयाबीनच्या बियाण्याचा भाव विचारायला. भाव सांगितला. तरी उभेच. पिशवी खांद्याला, अर्धा तास नुसते बघत राहिले, एक शब्द नाही. मी सातचं दान टाकलं अन् हळकुंड उचलून चुलतभावाच्या डोंगरावर ठेवायला लागलो, तेवढ्यात मागून आवाज आला,

"तिथं नका ठेवू मालक. तो आकडा येईना गेलाय कवापासून. त्या लाल आठावर ठेवा, गव्हावर."

सर माझ्याकडं बघायला लागले. गहू त्यांचा होता. मी ठेवलं.