१२ हजारात फोन: ४ एनएम घ्यावा की ६ एनएम?

कपाशी_आर्णी: बजेट १२ हजार, वर एक रुपया नाही. ई-पीक पाहणी, हॉटस्पॉट, यूट्यूब एवढंच काम. सिम एअरटेलचं. दुकानदार म्हणते ६ एनएमच्या (नॅनोमीटर, चिपच्या बारकीचं माप) चिपवाला तापते, ४ एनएमचाच घे. खरं हाय का?

पुसदकर: १२ मध्ये कचरा भेटते भाऊ. २० पर्यंत जाय.

चिपवाला_वणी: एनएम आता नुसतं नाव राहिलं. ५ एनएम म्हणतात त्या चिपमध्ये ट्रान्झिस्टरच्या दोन गेटमधलं अंतर ५० एनएमच्या आसपास असते. इंटेलनं २०२१ मध्ये आपल्या सुधारित १० एनएमचंच नाव 'इंटेल ७' केलं. स्नॅपड्रॅगन ८ जेन १ अन् ८ प्लस जेन १, दोन्ही चिपा ४ एनएम. पहिली सॅमसंगच्या कारखान्यातली, लय तापे. दुसरी तैवानच्या टीएसएमसी कंपनीतली, बरीच थंड. तू कोर (चिपमधले काम करणारे भाग) पाहा: ४ एनएमच्या स्नॅपड्रॅगन ४ जेन २ मध्ये दोन ए७८, ६ एनएमच्या डायमेन्सिटी ६३०० मध्ये जरा जुने दोन ए७६, बाकी सहा छोटे ए५५ दोघांतही. अन् स्टोरेज यूएफएस २.२ पाहिजे. ईएमएमसी हे हळू स्टोरेज, भरत आलं की फोन अडकते.

पुसदकर: म्हणून तर म्हटलं, २० चा घे.

टॉवरखाली: थांबा बे, त्याचं सिम एअरटेलचं हाय. स्नॅपड्रॅगन ४एस जेन २ पण ४ एनएमच, पण तिचं ५जी फक्त स्टँडअलोन, म्हणजे ४जीच्या आधाराशिवायचं. जिओवर चालते; एअरटेलचं एनएसए (४जीच्या आधारावरचं ५जी) असन तिथं ४जीवरच राहीन. खोक्यावर '४एस' आहे का '४', नीट वाचजो.

जिओप्रेमी: सिमच बदल ना. २०२२ च्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झ लहरींचा पट्टा खाजगीत फक्त जिओनं घेतला. भिंतीआड तोच पोचते.

टॉवरखाली: गावात टॉवर पाहिजे ना पहिले!

दुरुस्ती_दारव्हा: एनएम सोडा. मे महिन्यात ४५ अंशात कोणतीही चिप तापते, अन् त्या गरमीत चार्जिंग लावलं की सेल फुगते. वावरात पॉवरबँक लावू नको, रबरी कव्हर काढ, पाहणीचे फोटो सकाळीच काढ. दुकानात डेमो पीसवर हॉटस्पॉट चालू ठेवून १० मिनिटं व्हिडिओ काढ, मग कॅमेऱ्याजवळ बोट लावून पाहा.

गावठी_गुरू: मीपण तेच म्हणतो, एनएम सोडा.

कपाशी_आर्णी: आमच्याकडं ५जी टॉवरच नाही. हेलिओ जी८५ चिपवाला, १२ एनएमचा ४जी फोन ८ हजारात आणला. उरलेल्यात डीएपी खताच्या दोन बॅगा.

चिपवाला_वणी: स्टोरेज ईएमएमसी आहे ना त्यात?

कपाशी_आर्णी: हाव.