‘फंड्स ऑफ नॉलेज’ला मराठीत काय म्हणाल? निधी, पुंजी, शिदोरी?

सातपुडापायथा:
नंदुरबार जिल्ह्यातल्या अंगणवाडी सेविकांसाठी एका प्रशिक्षण पुस्तिकेचं भाषांतर करतेय आणि तिसऱ्याच पानावर अडलेय. शब्द आहे ‘फंड्स ऑफ नॉलेज’, म्हणजे घरच्या रोजच्या जगण्यातून आणि कामातून साठत गेलेलं ज्ञान.

ही कल्पना अमेरिकेतल्या ॲरिझोनातली. टूसॉन शहरात लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकन वंशाच्या कामगार कुटुंबांचा अभ्यास केला, त्यावरचा लेख १९९२ साली आला. शिक्षिका मुलांच्या घरी गेल्या त्या तक्रार सांगायला नव्हे, शिकायला. शेती, जनावरं, बांधकाम, झाडपाल्याची औषधं यांचं केवढं ज्ञान त्या घरांत आहे हे पाहून त्यांनी वर्गातले पाठ बेतले. एक मुलगा मेक्सिकोहून आणलेली मिठाई विकायचा, तर वर्गाने मिठाईचाच अभ्यास केला. गरीब घरातली मुलं कोरी येतात, हा समज त्यांना मोडायचा होता.

आधी ‘ज्ञाननिधी’ लिहिलं. एका सेविकाताईंना वाचून दाखवलं, तर त्यांनी विचारलं, “कोणत्या योजनेचा? खात्यात कधी पडणार?” त्यांचं काहीच चुकलं नाही, त्यांच्या कामात निधी म्हणजे तेच. ‘संचित’ लिहावं तर नशीब आठवतं. शेवटी ‘घरची शिदोरी’ लिहिलं. संपादकांनी ‘फार घरगुती’ म्हणून त्यावर लाल रेघ मारली. काय करू?

व्याकरणवेडा:
‘निधी’च ठेवा. संस्कृतात निधी म्हणजे पुरून ठेवलेलं धन. वरून दिसत नाही, पण असतं. संशोधकांना नेमकं हेच म्हणायचंय. सरकारी कागदांनी अर्थ अरुंद केला म्हणून आपण एक चांगला शब्द सोडून द्यायचा का? ‘पुंजी’ही चालेल, पुंज म्हणजे रास.

यावलची लेक:
दादा, पुस्तिका सेविकेने वाचायची आहे. तिला निधी म्हटल्यावर पैसेच दिसणार असतील तर संस्कृतातला अर्थ तिच्या काय कामाचा? माझं मत शिदोरीला. घराबाहेर पडणाऱ्याला घरचं बांधून देतात ती शिदोरी, आणि तीन वर्षांचं पोर पहिल्यांदा उंबरा ओलांडतं ते अंगणवाडीसाठीच.

माझं माहेर केळीच्या पट्ट्यातलं. चार वर्षांच्या भाच्याबद्दल शेरा आला की याला दहापर्यंत मोजता येत नाही. हाच पोरगा वावरात घडाच्या फण्यांवर बोट ठेवत आठ, नऊ, दहा मोजायचा आणि हा घड बारीक राहिला, तो भरला, हेही सांगायचा. भिंतीवरच्या तक्त्यापुढे उभं केलं की गप्प. तक्त्यावर सफरचंदं होती.

अमळनेरचे आप्पा:
बेटा, शिदोरी वाटेत संपते. शिवाय ती ज्याची त्याची असते. या घरांत तर ज्ञानाची देवाणघेवाण चालते ना? म्हणून मी ‘कणगी’ सुचवतो. आमच्या घरी बांबूची कणगी होती, शेणामातीने सारवलेली. वरून भरायची आणि खालच्या भोकातून लागेल तेवढी ज्वारी काढायची, मग आजी भोकात बोळा घालून वरून लिंपून टाकायची. शेजारी बियाण्याला येत आणि सुगी झाली की आणून टाकत. घरातलं ज्ञान असंच असतं.

तापीकाठ:
आप्पा, आमच्या शिरपूरकडे मी ‘कोठी’ ऐकलंय. की कणगी बांबूची आणि कोठी मातीची, असा फरक आहे? मग जमिनीतलं पेवही घ्या यादीत.

व्याकरणवेडा:
पेव नकोच. ‘पेव फुटलं’ आज आपण वाईट गोष्टींबद्दलच म्हणतो.

पुण्यातला खानदेशी:
तुम्ही सगळे धान्य साठवत बसलात. मुळात मुलाला वर्गात तोंड उघडू देतो का आपण? बालवाडीत मी एकदा म्हणालो, “मना बाप वावरमा गया.” बाईंनी “माझे बाबा शेतात गेले” असं तीन वेळा म्हणवून घेतलं. मुलं हसली. त्या वर्षी वर्गात मी परत बोललो नाही, घरी मात्र अखंड बडबड. बाई मायाळू होत्या, त्यांना वाटलं आपण मुलाचं भलं करतोय. कणगी म्हणा, शिदोरी म्हणा, ती दाराबाहेर ठेवून ये असं सांगितल्यावर आत काय उघडणार?

व्याकरणवेडा:
वाचून मनापासून वाईट वाटलं. हसणाऱ्यांना बाईंनी थांबवायला हवं होतं. पण प्रमाण मराठी कधीतरी शिकवावीच लागेल, आणि अहिराणी ही मराठीचीच बोली आहे ना?

पुण्यातला खानदेशी:
‘मराठीचीच’ कशावरून? ‘वावरमा’तला ‘मा’ गुजरातीच्या घरचा आहे. भाषातज्ज्ञ ग्रिअर्सनने भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणाच्या १९०७च्या खंडात खानदेशीला, म्हणजे अहिराणी जिच्यात येते तिला, भिल्ली भाषांसोबत बसवलं. २०११च्या जनगणनेतही खानदेशी मराठीपासून वेगळी मोजली आहे आणि बोलणारे १८ लाखांवर आहेत.

तापीकाठ:
‘मा’चं ठीक आहे. पण ‘माले, तुले’तला ‘ले’ वऱ्हाडीतही आहे. मग वऱ्हाडीलाही वेगळी म्हणणार का?

सातपुडापायथा:
भाऊ, दोघेही जरा थांबा. माझ्या पुस्तिकेतली बरीच मुलं अहिराणीही बोलत नाहीत. धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी आणि भिल्लीचे प्रकार, नवापूरकडे मावची. तिथे अहिराणी बाजारात कानावर पडते आणि मराठी अंगणवाडीत. २०२२चा पायाभूत स्तराचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा ३ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी घरच्या भाषेवर भर देतो, म्हणजे इथे कोणती, हे प्रत्येक पाड्यावर विचारावं लागणार. मोहाच्या दिवसांत ही मुलं पहाटे आईबरोबर फुलं वेचायला जातात. झाडाखालचा पालापाचोळा आधी का साफ करतात, हे त्यांना माहीत असतं. त्यांना ते सांगायला कुणी सांगतच नाही. या सगळ्याला मला एक शब्द हवाय, आणि परवा प्रत द्यायची आहे.

यावलची लेक:
ताई, मग ‘अंगणवाडी’ शब्दाकडेच बघा. पालघरकडच्या बोर्डीत बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५मध्ये काम सुरू केलं. पाड्यावरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. महागड्या साधनांऐवजी पानं, खडे, शिंपले घेतले. पुढे कोसबाडला अनुताई वाघांच्या साथीने गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळाही झाली. सरकारने १९७५च्या एकात्मिक बालविकास योजनेत घेतला तो हाच शब्द. घरगुती आहे म्हणून तेव्हा कुणी त्यावर लाल रेघ मारली नाही.

व्याकरणवेडा:
अंगणही संस्कृतच आहे, बरं का. आणि शिदोरी ‘शिधा’वरून आली असावी. शिधा म्हणजे कोरडं धान्य, शिजवायचं बाकी असलेलं.

यावलची लेक:
मग तर माझंच खरं. घरून शिधा यावा आणि अंगणवाडीत तो शिजावा.

अमळनेरचे आप्पा:
हे छान बोललीस. पण शिदोरी तयार असते गं, भाकर, ठेचा, कांदा. शिजवायला काही उरत नाही. मी कणगी सोडत नाही.

तापीकाठ, तुमच्याकडच्या कोठीचं भोक तळाशी असायचं की बाजूला? आमच्याकडे त्या भोकाला एक शब्द होता. आजीच्या तोंडून रोज ऐकलेला, आणि आज सकाळपासून आठवत नाहीये.

तापीकाठ:
बाजूला, बहुतेक. गावी आईला फोन करून विचारतो, आप्पा.