युरोपियन रेखाटनं आणि तैलचित्रांचा खाजगी संग्रह लिलावात काढायचा आहे, सुरुवात कुठून करावी?

जलरेषा
एका कुटुंबाचा संग्रह विकायचा आहे आणि कागदपत्रांचं काम माझ्याकडे आहे. साधारण 60 रेखाटनं (बहुतेक 17व्या-18व्या शतकातली डच आणि इटालियन, थोडी 19व्या शतकातली फ्रेंच) आणि 11 तैलचित्रं. सगळं बेल्जियममध्ये आहे, विक्री लंडनला करावी असा विचार आहे. लिलावघराकडे जाण्याआधी काय तयारी लागते? चित्रं साफ करून घ्यावीत का? आणि सगळं एकाच लिलावात द्यावं की वाटून?

उलटबाजू
साफसफाई करू नका. जुन्या व्हार्निशखालचं चित्र वाचायची सवय या खरेदीदारांना असते. नुकतं साफ करून आणलेलं चित्र दिसलं की खाली काय झाकलंय, हाच पहिला प्रश्न येतो. अतिनील दिव्याखाली नंतर भरलेला रंग काळ्या डागांसारखा उठून दिसतो, त्यामुळे लपत काहीच नाही. रेखाटनांचे तपकिरी ठिपके घालवायला कागद ब्लीच केला तर खडू आणि फिकट वॉश (पातळ शाईचे किंवा रंगाचे थर) हेसुद्धा जातात, ते परत येत नाहीत.

वेळ द्या तो मागच्या बाजूला. प्रत्येक कागदाचे चार फोटो: पुढून, मागून, कडेने तिरपा उजेड टाकून (घड्या, फाटलेल्या जागा) आणि मागून उजेड देऊन (वॉटरमार्क). माप माउंटचं (रेखाटन ज्यावर बसवलंय त्या पुठ्ठ्याचं) नाही, कागदाचं घ्या. आधी उंची, मग रुंदी. रेखाटनं मिलिमीटरमध्ये, तैलचित्रं सेंटिमीटरमध्ये.

कोपऱ्यातले बारीक शिक्के भिंगाने बघा. फ्रिट्स लुग्ट यांनी 1921 मध्ये संग्राहकांच्या शिक्क्यांचा कोश काढला, 1956 मध्ये पुरवणी. आता तो पॅरिसच्या फोंदास्यों कुस्तोदियाच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येतो. खालच्या कोपऱ्यात 'PL' ही अक्षरं असतील तर तो चित्रकार पीटर लेली (मृत्यू 1680) यांच्या संग्रहाचा शिक्का असू शकतो, कोशातला त्याचा क्रमांक एल. 2092. फ्रेंच कागदांवर लाल 'Degas' शिक्का दिसला तर तो फ्रेंच चित्रकार देगा यांच्या मृत्यूनंतर 1918-19 मध्ये झालेल्या वारसा-विक्रीशी ताडून बघा.

जुना माउंट मळका वाटला तरी फेकू नका. त्यावरची शाईतली टिपणं हाच कधीकधी मालकीचा एकमेव पुरावा असतो. तैलचित्रांच्या मागच्या चौकटीवर स्टेन्सिलने छापलेला काळा नंबर असेल तर क्रिस्टीज या लिलावघराला विचारा. ते असे नंबर टाकतात आणि त्यावरून जुनी विक्री सापडू शकते.

तिरपा_उजेड
कॅटलॉगमध्ये नाव कसं छापतात यावर किंमत ठरते, म्हणून मजकुराचा मसुदा छपाईआधी मागून घ्या. नुसतं चित्रकाराचं नाव म्हणजे लिलावघराच्या मते काम त्याचंच. 'अ‍ॅट्रिब्यूटेड टू' म्हणजे बहुधा त्याचं. 'स्टुडिओ ऑफ' म्हणजे त्याच्या कार्यशाळेतलं. 'सर्कल ऑफ' म्हणजे त्याच्या काळातलं आणि प्रभावाखालचं. 'मॅनर ऑफ' म्हणजे शैली त्याची, पण काम नंतरचं. 'आफ्टर' म्हणजे नक्कल. सहीचंही तसंच: 'साइन्ड' आणि 'बेअर्स सिग्नेचर' यांत जमीनअस्मानाचा फरक, दुसऱ्यात सही दुसऱ्या कोणाची असू शकते. डच कामांसाठी हेगच्या आरकेडी (RKD) या कला-इतिहास संस्थेचं चित्रभांडार आधी चाळा. तिथे तुमच्याच कागदाचा जुना फोटो सापडला तर संग्रहाचा इतिहास एकदम मागे सरकतो.

1933 ते 1945 (नाझी लुटीचा काळ) मधली मालकी शक्य तितकी भरून काढा. त्या काळात हात बदललेल्या कामाची पावती नसेल तर प्रश्न विचारले जातात, आणि विचारलेच पाहिजेत. लिलावघरं आर्ट लॉस रजिस्टरमध्ये (चोरीला गेलेल्या कलाकृतींची नोंद) तपासतात, पण तिथे नोंद नाही म्हणजे हक्क स्वच्छ असं होत नाही.

जकातनाका
लंडनला पाठवणार म्हणजे युरोपियन युनियनबाहेर. 50 वर्षांपेक्षा जुन्या कामाला निर्यात परवाना ठराविक किमतीच्या वर लागतो: रेखाटन 15,000 युरो, जलरंग, गुआश (अपारदर्शक जलरंग) आणि पेस्टल 30,000, तैलचित्र 1,50,000. एकच कागद शाईचा की जलरंगाचा यावर मर्यादा दुप्पट होते, म्हणून माध्यम अचूक लिहा. घर बेल्जियमच्या फ्लँडर्स भागात असेल तर काम टॉपस्टुकेन (तिथल्या संरक्षित कलाकृतींच्या) यादीत नाही ना, हेही बघा. ब्रिटनमध्ये कलाकृतींवर 5 टक्के आयात व्हॅट आहे. तो सहसा खरेदीदाराच्या बिलात येतो, पण बोली त्यानेच आखडते.

जलरेषा
खूप आभार. मग सगळं एकत्र द्यावं का?

तिरपा_उजेड
माझं मत वाटून द्या. एका नावाने स्वतंत्र लिलाव शोभतो तो संग्राहकाची ठाम निवड दिसत असेल तर. मिश्र दर्जाच्या 60 कागदांत शेवटचे वीस पहिल्या दहांची बोली खाली ओढतात. उत्तम तेवढे जुलै किंवा डिसेंबरच्या लंडन विक्रीला, नाहीतर मार्चमध्ये पॅरिसला, सालों द्यू देसँ या रेखाटनांच्या मेळ्याच्या दिवसांत. पॅरिसचा एक फायदा म्हणजे युनियनबाहेर जाण्याचा परवाना तुम्हाला काढावा लागत नाही. उरलेलं ब्रुसेल्सला.

उलटबाजू
थोडी असहमती: एकाच घराला दोन-तीन विक्रींसाठी मिळून द्या, म्हणजे कमिशन, फोटो, विमा आणि 'न विकल्यास आकार' या चारही बाबतींत घासाघीस करता येते. सगळं लेखी घ्या, माल परत घेतल्यास किती दंड तेही.

राखीव किंमत (जिच्या खाली विकायचं नाही ती) कॅटलॉगमधल्या खालच्या अंदाजापेक्षा वर ठेवता येत नाही, आणि अंदाज फुगवायला सांगू नका. प्रीमियम (खरेदीदाराला हातोड्याच्या किमतीवर द्यावं लागणारं कमिशन) 25 टक्के धरला तर एकूण 10,000 युरो खर्चायचे ठरवून आलेला माणूस हातोड्याच्या 8,000 वर थांबतो. न विकलेला लॉट किमतींच्या डेटाबेसमध्ये राहतो आणि पुढची काही वर्षं प्रत्येक डीलर तोच आकडा काढून दाखवतो.