पीसीला ग्राफिक्स कार्ड घ्यायलाच हवं का? ऑनबोर्डला नावं ठेवणाऱ्यांना उत्तर

घोडबंदरकर
काल इथे एकाने लिहिलंय, "ऑनबोर्ड ग्राफिक्सचा पीसी म्हणजे पैसे पाण्यात, मुलासाठी घेताय तर कार्ड घ्याच." वाचून डोकं फिरलं. ऑनबोर्ड म्हणजे वेगळं कार्ड न लावता प्रोसेसरमध्येच असलेलं ग्राफिक्स. असल्या सल्ल्याने घाबरून आमच्या शेजारच्या काकांनी काय केलं बघा. मुलगा इंजिनिअरिंगला लागला. दुकानदाराने त्यांना इंटेलचा एफवाला आय-५ प्रोसेसर दिला, म्हणजे आत ग्राफिक्सच नाही. मग स्क्रीनवर काही दिसावं म्हणून जीटी ७१० हे साधंसं कार्ड माथी मारलं, आणि वर ८ जीबीची एकच रॅम. बिलावर 'ग्राफिक्स कार्ड' दिसलं म्हणून काका खूश. अहो, एएमडीच्या रायझन ५६००जी प्रोसेसरमधलं वेगा हे ऑनबोर्ड ग्राफिक्स त्या ७१० ला कुठच्या कुठे मागे टाकतं.

ऑनबोर्डला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधूनच वाटा घेतं. डीडीआर४ ३२०० ची एक स्टिक सेकंदाला २५.६ जीबी देते, दोन लावल्या की ५१.२. लोक एक स्टिक लावतात आणि शिव्या ग्राफिक्सला घालतात. आधी दोन स्टिक आणि चांगली एसएसडी घ्या. कामाने मागितलं तरच कार्ड.

नेरूळची_आर्किटेक्ट
दुकानदाराने काकांना फसवलं, त्यात कार्डाचा काय दोष? कॉलेजात असताना माझ्याकडे ऑनबोर्डच होतं. स्केचअप या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये झाडं टाकली की मॉडेल फिरेना. ज्युरीच्या, म्हणजे प्रोजेक्टच्या परीक्षणाच्या आदल्या रात्री सीपीयू रिक्षात घालून सानपाड्याला मैत्रिणीकडे नेला, का तर तिच्याकडे कार्ड होतं. तुम्ही ५१.२ चं कौतुक सांगताय. आरटीएक्स ३०६० कार्डाला स्वतःची १२ जीबी मेमरी आहे आणि वेग सेकंदाला ३६० जीबी. 'आधी ऑनबोर्ड घे, मग बघू' म्हणणाऱ्या मोठ्यांनी माझं एक अख्खं सेमिस्टर खाल्लं.

घोडबंदरकर
मी कामाने मागितलं तर घ्या असंच म्हटलंय. नीट वाचा तरी. कोडिंग, टॅली, ऑनलाइन लेक्चर यांना ३०६० कशाला? लोडवर एकटं कार्ड १७० वॅट खातं.

कळवा_व्हिडिओवाला
लग्नाचं शूटिंग, एडिटिंग माझा धंदा. आमच्या लाइनमध्ये दोघंही चुकताय. सोनीच्या कॅमेऱ्याचं एच.२६५, १० बिट ४:२:२ फुटेज (घट्ट दाबलेला, रंगांची जास्त माहिती असलेला व्हिडिओ) टाइमलाइनवर टाकलं की एनव्हिडियाची कार्डं धापा टाकायची. हार्डवेअरवर ते डिकोड करणं, म्हणजे चिपमध्येच उलगडणं, त्यांना २०२५ च्या ५० सीरिजपर्यंत आलंच नाही. इंटेलच्या ऑनबोर्डमधलं क्विक सिंक (व्हिडिओ उलगडणारा भाग) ते आधीपासून करतंय. म्हणून एफवाला प्रोसेसर मी घेतच नाही. माझ्याकडे कार्डही आहे आणि ऑनबोर्डही चालू ठेवलंय.

ऐरोलीकर
बजेट नसेल तर सेकंडहँड घ्या ना! सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डं रात्रंदिवस चालवून ते कमावणं, बंद पडलं तेव्हा लोकांनी ढिगाने कार्डं विकायला काढली. माझं तेव्हाचंच आहे, आजही मस्त चालतंय.

ठाणे_पूर्व
हे असलं सांगून लोकांना खड्ड्यात घालू नका! माझ्या भावाने असंच एक घेतलं. स्टेशनबाहेर उभ्या उभ्या व्यवहार, लावून दाखवणं नाही, बिल नाही. घरी पंख्याची खरखर सुरू. खोललं तर थर्मल पॅडमधून (चिपची उष्णता बाहेर नेणारी मऊ पट्टी) तेल सुटून बोर्डवर चिकट डाग पडलेले, स्क्रूंवर गंज. महिन्याभरात स्क्रीनवर रेघा, मग डिस्प्लेच गेला. पैसे बुडाले. विकणारा फोन उचलत नाही.

ऐरोलीकर
गंज मायनिंगने येत नाही, आपल्या खाडीच्या हवेने येतो. शहाणे मायनर तर व्होल्टेज कमी करून चालवायचे. झिजतात ते पंखे आणि पॅड, आणि दोन्ही बदलता येतात.

ठाणे_पूर्व
पॅड बदलता येतात, मेमरी चिप बदलून देणार का? मायनिंगमध्ये आरटीएक्स ३०८० कार्डाची मेमरी १०० डिग्रीच्या वर तापायची, तशी ती रात्रंदिवस तापवलेली. कॉलेजच्या पोराने हे ओळखायचं कसं?

ऐरोलीकर
विकणाऱ्याच्या घरी जाऊन अर्धा तास फरमार्क हे कार्डाला ताण देणारं टेस्ट सॉफ्टवेअर चालवायचं, तापमान बघायचं, रेघा येतात का बघायचं. नाही म्हणाला तर तिथूनच परत फिरायचं. तुमच्या भावाने स्टेशनबाहेर पैसे का दिले?

ठाणे_पूर्व
म्हणजे चूक फसलेल्याची! वा. लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारातून वॉरंटीचं नवं आणावं, नाहीतर घेऊच नये.

कोपरखैरणे_सेक्टर
भांडा, पण एक ऐका. कार्ड घेऊनही गेम अडकतो म्हणून मला बोलावतात, आणि बघतो तर मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या एचडीएमआयला! म्हणजे गेम चालतोय ऑनबोर्डवर. केबल कार्डालाच लावा. मी थकलो सांगून.

नेरूळची_आर्किटेक्ट
बरं, कॉमर्स आणि कोडिंगवाल्यांना ऑनबोर्ड पुरेल, इतकंच मान्य. पण मग एसएमपीएस, म्हणजे पीसीचा पॉवर सप्लाय, निदान ५५० वॅटचा, चांगल्या कंपनीचा घ्यायला सांगा. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्यावर नंतर दमदार कार्ड लावता येत नाही, आणि ते कोणी आधी सांगत नाही.

घोडबंदरकर
एसएमपीएसचं बरोबर आहे. बाकी एक शब्द मागे घेणार नाही.

ठाणे_पूर्व
आणि तो तरी नवीन घ्या. ऐरोलीकर तोही जुना सुचवतील.

ऐरोलीकर
एसएमपीएस मी जुना कधीच घेत नाही. कार्ड घेतो, आणि घेत राहणार.