भाडेकरू टीबीच्या सर्वेला दारच उघडत नाहीत, काय करू?

रंकाळा_७७:
शिरोली एमआयडीसीजवळ आमच्या सहा खोल्या हायत, सगळी बिहार-ओडिशाकडची पोरं, फाउंड्रीत कामाला. परवा सकाळी अकराला आशाताई टीबीच्या सर्वेला आल्या तर पाच खोल्यांना कुलूप आणि सहाव्यात नाइट करून आलेला झोपलेला, तो आतूनच म्हणतोय "कोई नहीं है". ताईंनी दारावर खडूनं तारीख टाकलेली, संध्याकाळपर्यंत पुसून टाकली. नाव लिहून नेलं की काम जाणार असं वाटतंय त्यांना. एकजण तीन आठवडे झालं खोकतोय, भिंतीतनं ऐकू येतंय. आई ७२ वर्षांची आहे घरात. खोली सोडायला सांगू का?

आशा_करवीर:
दादा काढू नका हो, दुसऱ्या खोलीत जाऊन खोकणारच की तो. रविवारी संध्याकाळी बोलवा आम्हाला, अकराला कोण भेटणार. मी तर वही आधी पिशवीतच ठेवते, वही दिसली की पळतात. दोन आठवड्यांच्या वर खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरलंय का एवढंच विचारायचं, मग थुंकीची डबी. एक नमुना तिथंच, दुसरा सकाळी उठल्या उठल्या, खोल खोकून काढलेला. निम्मे लोक नुसती लाळ भरून देतात आणि परत फेरी पडते.

फडावरचा_पाटील:
आमच्याकडं बीडची टोळी येते, दिवसा खोपीत नुसती बारकी पोरं. मुकादमाला पुढं घातलं तवा कुठं सगळे जमले. तुमच्यातबी एखादा जुना असंल, ज्याच्या मोबाइलवरनं सगळे गावाकडं पैसे पाठवतात, त्याला धरा.

सहा_महिने_गोळ्या:
मला झालेला, फाउंड्रीतच. वाळूच्या धुळीनं आधीच फुप्फुसं गेलेली असतात त्यामुळं टीबी लवकर धरतो. औषध सरकारी फुकट, सहा महिने, वर महिन्याला १००० रुपये खात्यावर (२०२४ च्या नोव्हेंबरआधी ५०० होते). त्याला एवढं नक्की सांगा, निक्षयवर (सरकारची टीबी पेशंटची ऑनलाइन नोंद) नाव लागलं की छटला गावी गेला तरी तिकडच्या सरकारी दवाखान्यात गोळ्या पुढं चालू राहतात. माझ्या सोबतच्यानं ह्याच भीतीनं मध्येच सोडलेल्या.

रंकाळा_७७:
पाटील, तुमचा मुकादम सापडला, आमच्यात त्याला चाचा म्हणतात 😄 रविवारी सातला सगळे हजर, खोकणारा पण. डबी दिलीय. सकाळचा नमुना फ्रिजमध्ये ठेवायचा का? आई आत्तापासनंच ओरडायलीय.

आशा_करवीर:
घरच्या फ्रिजमध्ये नको हो! झाकण घट्ट लावून सावलीत ठेवा, मी आठला येते.