मिर्झा डेलिबाशिच कोच म्हणून कसा होता? माहितगारांनी सांगा

विश्रामबाग_पॉइंटगार्ड:
मी सांगलीचा. कॉलेजच्या टीममधनं बास्केटबॉल खेळायचो, गुडघ्याचं लिगामेंट गेलं आणि खेळणं सुटलं, आता संध्याकाळी शाळेतल्या पोरांना शिकवतो, पुढं एनआयएसचा (राष्ट्रीय क्रीडा संस्था) कोचिंगचा सर्टिफिकेट कोर्स करायचं डोक्यात आहे. सध्या बोस्नियाच्या मिर्झा डेलिबाशिचबद्दल वाचतोय. प्लेअर म्हणून माणूस जबरदस्तच, 1978 ला युगोस्लाव्हियाकडनं वर्ल्ड चॅम्पियन, 1980 ला मॉस्कोत ऑलिंपिक गोल्ड, 2007 ला फिबाच्या (जागतिक बास्केटबॉल महासंघ) हॉल ऑफ फेममध्ये. पण कोच म्हणून नाव निघतं ते 1993 च्या युरोबास्केटचं, म्हणजे युरोपातल्या देशांच्या स्पर्धेचं, तिथं बोस्नियाची टीम आठवी. एवढ्या मोठ्या प्लेअरला कोचिंगमध्ये फार काही का मिळालं नाही? मोठ्या प्लेअरला शिकवणं जमत नाही म्हणतात, ते खरं आहे का?

मिरजकर_काका:
बाळा, आधी तो खेळायचा थांबला कसा ते बघ. तुझलाचा पोरगा, 1972 ला सारायेव्होच्या बोस्ना क्लबात आला, तिथनं 1981 ला रेआल माद्रिद, आणि 1983 ला इटलीत कासेर्ताकडं गेला तर मेंदूत रक्तस्राव झाला. वय 29. ऐन भरात असताना सगळं थांबलं.
आणि ग्रनोबलची 5 एप्रिल 1979 ची फायनल विसरू नको. बोस्नानं इटलीच्या वारेसेला 96-93 नं हरवून युरोपियन कप नेला. बोस्नाच्याच वारायिचचे 45 पॉइंट, मिर्झाचे 30. म्हणजे 96 पैकी 75 दोघांचे, आणि तेव्हा फिबात तीन पॉइंटची रेघसुद्धा नव्हती रे, सगळे दोन-दोननं आणि फ्री थ्रोनं! मिर्झा जवळजवळ दोन मीटरचा माणूस आणि पास असा द्यायचा की घेणाऱ्याला हात हलवायला लागू नये. आमच्या पिढीनं असले प्लेअर फक्त मासिकातल्या फोटोत बघितले.

अजिंक्यतारा_सातारा:
काकांचं सगळं मान्य, पण प्रश्न कोचिंगचा आहे ना. मग मिर्झापेक्षा त्याच्या कोचकडनं शिका असं मी म्हणेन. बोग्दान तान्येविच. तो बोस्नियाचा नव्हे, माँटेनेग्रोचा, प्लेअर म्हणून त्याचं फार नाव नव्हतं. 1971 ला वयाच्या 24 व्या वर्षी त्यानं बोस्नाची टीम हातात घेतली तेव्हा ती सेकंड डिव्हिजनला होती, आणि आठ वर्षांत युरोपची चॅम्पियन. पुढं इटलीला 1999 ची युरोबास्केट जिंकून दिली, तुर्कस्तानला 2010 च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये सिल्व्हर. कासेर्तातही मिर्झा त्याच्याकडंच गेला होता. साताऱ्यात मी ज्या सरांकडं शिकलो ते स्वतः कधी जिल्ह्याच्या पुढं खेळले नव्हते, पण पोराचा फूटवर्क कुठं चुकतो ते त्यांना लांबनं दिसायचं. कोचचं काम तेच.

कृष्णाकाठची_मेघा:
दादा, तान्येविच थोर आहेच. पण 1993 चा आठवा नंबर नुसता टेबलमध्ये बघून मोजू नका, मला हे वाचून राहवलं नाही म्हणून लिहितेय.
युगोस्लाव्हिया फुटून युद्ध लागलं, सारायेव्होला वेढा पडला एप्रिल 1992 ला, 1996 च्या फेब्रुवारीपर्यंत चालला. मिर्झाला रेआलमुळं स्पेनमध्ये माणसं ओळखत होती, तब्येतही धड नव्हती, तरी तो सारायेव्होतच राहिला. बोस्निया नवीन देश, टीम नवीन, आणि शहराबाहेर पडायचं तर एअरपोर्टची धावपट्टी रात्री पळत पार करायची. एअरपोर्ट युनायटेड नेशन्सच्या ताब्यात, त्यांच्या गाड्यांचे दिवे अंगावर पडले की माणूस स्नायपरला उघडा दिसायचा, सापडला तर परत शहरात पाठवायचे. धावपट्टीखालनं बाहेर जायचा बोगदा नंतर झाला, 1993 च्या उन्हाळ्यात. वेढ्यातले प्लेअर असे पळत आले, मग बाहेरच्या क्लबांत खेळणारे येऊन मिळाले, त्यातनं टीम उभी राहिली. ना धड सराव, घरच्यांचं काय झालं ते कळत नाही, आणि तुम्ही पोरांना म्हणताय डिफेन्सवर लक्ष द्या.
त्या टीमनं पात्रता फेरी पार केली आणि जर्मनीत पहिल्या आठात आली! त्यांच्यातला बिलालोविच तर अख्ख्या स्पर्धेचा टॉप स्कोरर. क्वार्टर फायनलला समोर क्रोएशिया, तिथं हरले. असल्या वेळी बारा माणसं एका बेंचवर बसवायला ज्याचा शब्द सगळे ऐकतात असाच माणूस लागतो, नुसता हुशार कोच तिथं पुरला नसता. मी हे कोचिंगच मानते, आणि फार वरच्या दर्जाचं.

अजिंक्यतारा_सातारा:
ताई, धावपट्टीचं मी पहिल्यांदाच ऐकतोय. माझं तान्येविचबद्दलचं मत कायम आहे, पण आठव्या नंबरामागं एवढं असेल असं वाटलं नव्हतं.

विश्रामबाग_पॉइंटगार्ड:
मेघाताई, खूप आभार, हे तर पोरांना सांगायलाच पाहिजे. काका, एक विचारायचं होतं, माझ्याकडं एक पोरगा आहे, सगळे शॉट स्वतःच मारतो, बाकीचे नुसते उभे. वारायिचचे 45 सांगितले तर तो अजूनच चेकाळेल, काय करू?

मिरजकर_काका:
45 नको सांगू, पास दाखव. त्या फायनलचं चित्रण मिळतं, मिर्झाच्या हातात बॉल आला की थांबव आणि पोराला विचार, आता कुणाला देशील. आणि आठवडाभर प्रॅक्टिस मॅचमध्ये त्याला ड्रिबल बंद कर, पास घे नाहीतर दे, एवढंच.