घरच्या छोट्या पीसीवर वेब सर्व्हर लावलाय, घरात चालतो पण बाहेरून साइट उघडतच नाही

भांडुपचा_बंड्या
नमस्कार मंडळी. लॅमिंग्टन रोडवरनं एक सेकंडहँड छोटा डेस्कटॉप उचलला, ऑफिसात मॉनिटरच्या मागे चिकटवलेला असतो ना तसला, जेवणाच्या डब्याएवढा. आय५ सहावी जनरेशन, ८ जीबी रॅम, २५६ चा एसएसडी, साडेआठ हजार पडले. दुकानदार म्हणाला विंडोज १० चा सपोर्ट ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला आणि ११ यांच्यावर अधिकृत चालत नाही, म्हणून ऑफिसं ढिगाने काढून टाकतायत. मला काय, मी डेबियन (लिनक्स) टाकलं, वर एनजिनएक्स हा वेब सर्व्हर.

कशासाठी तर आमच्या गणेशोत्सव मंडळाचे जुने फोटो. एका काकांकडे अल्बम होते ते आम्ही चार पोरांनी दोन पावसाळे बसून स्कॅन केले, १८० जीबी झालेत. जे आता विरार-बदलापूरला गेले त्यांना बघता यावेत एवढंच. घरच्या वायफायवर १९२.१६८ वाला पत्ता टाकला की झकास दिसतं. मोबाईल डेटावरनं बघितलं की नुसतं चाक फिरतंय. राउटरमध्ये ८० आणि ४४३ पोर्ट फॉरवर्ड केलेत, म्हणजे बाहेरून साइट मागणारे थेट या पीसीकडे वळावेत, फायरवॉल बंद करून पण बघितली, तीन रात्री गेल्या यात. केबलवाल्याला फोन केला तर म्हणतो नेट चालू आहे ना मग काय प्रॉब्लेम. गणपतीला दीड महिना राहिलाय. कुठे चुकतंय?

जुना_कीबोर्ड
आधी ती फायरवॉल परत चालू कर, मग बोलू.

आता राउटरच्या सेटिंगच्या पानावर वॅन आयपी, म्हणजे कंपनीने राउटरला दिलेला पत्ता, लिहिलेला असतो तो बघ, आणि गुगलवर "माझा आयपी" शोधून जो येतो तो बघ. दोन वेगळे निघाले आणि राउटरवाला १००.६४ ते १००.१२७ मधला असला तर तू सीजीनॅटच्या मागे आहेस, म्हणजे कंपनीने अनेक घरांना मिळून एकच बाहेरचा पत्ता दिलाय, मग पोर्ट कितीही फॉरवर्ड कर, तुझ्या राउटरपर्यंत कुणी पोचतच नाहीये. तुझ्या वयाला ठाऊक नसेल पण पूर्वी चाळीत एकाकडेच फोन असायचा आणि बाकीचे सगळे आपल्या कार्डावर त्याचाच नंबर पीपी म्हणून छापायचे. हे तसंच, फक्त इथला फोनवाला शेजारी तुला हाक मारत नाही. तू जाऊन बाहेर फोन लावलास तर लागतो, बाहेरून आला तर कुणासाठी आलाय हे त्याला माहीतच नाही, तो ठेवून देतो. आयपीव्ही४ चे पत्ते पुरेनात म्हणून कंपन्या शेकडो घरं एका पत्त्यामागे बसवतात, २०१२ मध्ये त्यासाठी हा १००.६४ चा पट्टाच वेगळा काढून ठेवलाय.

केबलवाल्याकडे स्टॅटिक आयपी, म्हणजे फक्त तुझा कायमचा पत्ता, माग, बरेच जण वर्षाचे वेगळे पैसे घेऊन देतात. नाहीतर टनेल. आयपीव्ही६, म्हणजे नव्या पद्धतीचे भरपूर पत्ते, ते पण आहे, पण बघणाऱ्याच्या नेटवर ते नसेल तर त्याला तुझी साइट दिसणारच नाही, मग काकांना कोण समजावणार.

गिरगावची_ताई
टनेलच कर रे. मी क्लाउडफ्लेअर कंपनीचा वापरते, फुकट आहे, फक्त स्वतःचं डोमेन, म्हणजे साइटचं नाव, लागतं. तुझा पीसी आतून बाहेर फोन लावून लाइन धरून ठेवतो आणि येणारे लोक त्याच लाइनीवरून आत येतात, म्हणजे वरच्या दादांच्या पीपीवाल्या गोष्टीत शेजाऱ्याला विचारायचंच नाही. ते फॉरवर्ड केलेले पोर्ट मात्र काढून टाक, त्यांची गरज उरत नाही. एचटीटीपीएसचं, म्हणजे ब्राउझरमधल्या सुरक्षित जोडणीचं, पण तेच बघतात.

दोन ठिकाणी मी आपटले ते सांगते. फुकटच्या प्लॅनवर एका वेळी १०० एमबीच्या वरची फाइल अपलोड होत नाही, मी आईच्या मोबाईलमधले व्हिडिओ चढवत होते आणि दर वेळी मधेच फाटत होतं, दोन दिवस माझ्याच सर्व्हरला शिव्या घातल्या. फोटो घरच्या नेटवरून थेट पीसीवर टाक, विसर्जनाचे व्हिडिओ त्या टनेलमधून दाखवायच्या भानगडीत पडू नकोस, त्यांच्या अटींमध्ये बसत नाही.

आणि स्कॅन आहेत तसे पानावर लावू नकोस. ४ एमबीचे ४० फोटो एका पानावर म्हणजे १६० एमबी, तुझा अपलोड ४० एमबीपीएस असला तर एका माणसाला अर्धा मिनिट, आणि आरतीनंतर पन्नास जणांनी एकदम उघडलं तर झालंच. २०० केबीच्या छोट्या प्रती बनवून लाव, मग पान ८ एमबीचं, दोन सेकंदांत दिसतं.

स्पष्टच_बोलतो
राग मानू नका पण घरी सर्व्हर कशाला? छोट्या प्रती कुठल्याही फुकट होस्टिंगवर बसतील. लाइट गेली, राउटर लटकला, आईने केर काढताना प्लग काढला, की साइट गायब.

गिरगावची_ताई
@स्पष्टच_बोलतो मूळ स्कॅन मंडळाच्या ताब्यात राहावेत म्हणून असेल. आणि वीज काही फार खात नाही, असला डबा नुसता बसला असताना १० वॉटच्या आसपास घेतो, महिन्याला सात-साडेसात युनिट. बंड्या, बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडतात त्या मूळ सेटिंगमध्ये) लाइट आल्यावर आपोआप चालू होण्याचं सेटिंग असतं ते लाव, आणि राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस. प्लगवर चिकटपट्टी लावून "काढू नये" लिही, आमच्याकडे तरी तेवढंच चाललं.

भांडुपचा_बंड्या
वॅन आयपी १००.७० ने सुरू होतोय दादा, म्हणजे तुम्ही सांगितलेल्या पट्ट्यातलाच. सीजीनॅटच. केबलवाल्याने स्टॅटिकचा जो आकडा सांगितला तो ऐकून मी फोन ठेवला. काल रात्री टनेल लावला, डोमेन घेतलं, आणि साडेबाराला मोबाईल डेटावर पहिला फोटो उघडला तेव्हा एकटाच हसत बसलो.

छोट्या प्रती रात्रभर बनवायला लावल्या होत्या. फोटोंसाठी मित्राकडची जुनी १ टीबीची डिस्क लावलीये, स्मार्ट रिपोर्ट (डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते ती) काढला तर ४१,००० तास चाललेली दाखवतंय आणि रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर, म्हणजे खराब होऊन बदललेले तुकडे, १२. चालेल का अजून?

जुना_कीबोर्ड
४१ हजार तास म्हणजे साडेचार वर्षांच्या वर अखंड फिरलीये. तासांचं एवढं नाही, ते १२ वाईट. आठवड्याने परत बघ, आकडा वाढला असेल तर लगेच काढ. आणि १८० जीबीची दुसरी प्रत आहे का कुठे?

भांडुपचा_बंड्या
नाही. काकांचे अल्बम पण परत दिले, त्यांनी घर बदललंय. आजच डिस्क घ्यायला निघतो.